घरी शिकवायचं पक्कं झालं, पण कोणत्या पद्धतीनं? (नागपूरकरांसाठी)

उन्हाळा लागला की दोन-तीन फोन येतातच. "ताई, तुम्ही पोरांना घरीच शिकवून राहिल्या न, मग कोणती पद्धत चांगली?" आता एका वाक्यात काय सांगू बाप्पा. आमचं तिसरं वर्ष आहे, मुलगी ११ ची, मुलगा ७ चा, राहतो मानेवाड्याला, मी घरूनच अकाउंट्सची कामं करते. तीन वर्षांत बऱ्याच पद्धती करून पाहिल्या, एक अर्ध्यात सोडली, एकीत पैसे बुडाले. त्यावरून एक सांगते, पद्धत निवडताना सगळे मुलाचा स्वभाव पाहतात, पण सकाळी १० वाजता घरी जो माणूस पोरासोबत बसणार आहे त्याचा स्वभाव आधी पाहा, कारण पोरगं कोणत्याही पद्धतीत रुळतं, मोठं माणूस नाही रुळत.

सगळ्यात ओळखीचं म्हणजे शाळाच घरी आणायची. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीची पण, टाइमटेबल भिंतीवर लावा आणि बसा. खर्च जवळपास शून्य. पण समोर एकच मूल असलं की शाळेतला पाच तासांचा अभ्यास दोन-अडीच तासांत संपतो, आणि मग आपल्यालाच भीती वाटते की काहीतरी सुटून राहिलं, म्हणून अजून एक वर्कशीट, अजून एक. मी यातच फसली. दिवाळीपर्यंत पोरगी पुस्तक दिसलं की पाणी प्यायला उठायची आणि अर्धा तास गायब. ज्यांना शिस्त आवडते आणि वेळ संपली की पुस्तक मिटवता येतं त्यांनी हेच करावं. आजी-आजोबा रिटायर्ड मास्तर असतील तर मग विचारूच नका, डोळे मिटून हेच.

दुसरं, ऑनलाइन लाइव्ह क्लास किंवा रेडीमेड किट. दोघंही नोकरीवाले असतील तर हे सोयीचं वाटतं, पण लहान पोरगं स्क्रीनसमोर एकटं बसत नाही, कोणीतरी बाजूला लागतंच. आम्ही एका कंपनीला वर्षभराची फी एकदम भरली, दोन महिन्यांत तीन टीचर बदलल्या, रिफंड मागितला तर म्हणे टर्म्समध्ये नाही. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी लाइट गेली की कूलरही बंद आणि वायफायही, मग कुठला क्लास. घ्यायचंच असेल तर महिन्याच्या फीवर घ्या आणि पहिल्याच दिवशी विचारा की सर्टिफिकेट कोणत्या बोर्डाचं. त्यांनी स्वतः छापलेलं सर्टिफिकेट पुढं कामाचं नाही.

माँटेसरी अन् शार्लट मेसन, या दोघींत लोकांचा फार गोंधळ होतो. माँटेसरी म्हणजे मुलानं हातानं कामं करत स्वतःच शिकायचं, ती घरी करायची तर साधारण सहा वर्षांपर्यंत मजा आहे. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या अन् युद्धामुळे १९४६ पर्यंत इथंच राहिल्या, आणि आपल्याकडे ताराबाई मोडकांनी तेच विचार गरिबाच्या अंगणात नेले, म्हणजे महागडं लाकडी साहित्य आणलंच पाहिजे असं काही नाही. डाळी निवडणं, तांब्यानं पाणी ओतणं, बटणं लावणं, हेच साहित्य. फक्त तुम्हाला गप्प बसून पाहता आलं पाहिजे. पाणी सांडलं की "अगं!" असं ज्याच्या तोंडून निघतं (म्हणजे मी) त्याला हे जड जातं.

शार्लट मेसन मला जमली. इंग्लंडच्या या बाईंचं म्हणणं, लहान मुलांचे धडे १५-२० मिनिटांचे ठेवा, चांगलं पुस्तक एकदाच वाचा, मग मुलानं ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि रोज बाहेर फिरणं. अडचण एकच, नेटवर मिळणाऱ्या याद्या सगळ्या इंग्रजी पुस्तकांच्या, त्यात इंग्लंडचे पक्षी अन् इंग्लंडची फुलं. आम्ही यादी फेकली. गोष्टींसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक, हे १९७१ पासून निघतंय, आणि फिरायला सेमिनरी हिल्स नाहीतर अंबाझरी. पावसाळी दिवस असेल तर अजब बंगला किंवा रमण विज्ञान केंद्र. परत सांगायला लावलं की पोरगं मन लावून ऐकतं, हे मी स्वतः पाहिलंय. पण वाचून दाखवायचा कंटाळा असेल तर ही पद्धत घेऊच नका, रोज घसा लागतो.

नई तालीम तर आपल्या घरचीच, वर्धा इथून जेमतेम ७५-८० किलोमीटर. १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या परिषदेत मांडलं की शिक्षण हातकामातून आणि मातृभाषेतून व्हावं. सूत कातता कातता गणित, कापसावरून भूगोल. घरी आम्ही चरखा वगैरे काही आणला नाही, पण भाजीबाजारचा हिशोब, गच्चीवरच्या कुंड्या, संत्र्याच्या पेटीत किती अन् किलोला काय भाव पडला, यातून मुलाला बेरीज-भागाकार पाठ न करता आले. वेळ मात्र खातं, पोळ्यांचं पीठ मळता मळता अपूर्णांक शिकवायचे तर जेवायला दोन वाजतात.

अनस्कूलिंगचं म्हणजे काहीच ठरवायचं नाही, मुलाला ज्यात रस त्यातूनच सगळं. हा शब्द अमेरिकेतले जॉन होल्ट यांनी वापरात आणला. ऐकायला सगळ्यात सोपं आणि निभवायला सगळ्यात कठीण. पोरगं दोन महिने फक्त मेट्रोचे नकाशेच काढत बसलं तर तुम्हाला झोप येते का, हे स्वतःला विचारा. लग्नात काका सगळ्यांसमोर सतराचा पाढा विचारतात तेव्हा हसून विषय बदलता येतो का? मला नाही आलं, म्हणून चार महिन्यांत सोडलं.

आता खरा मुद्दा, परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकाला शिक्षा कुठं लिहिलेली नाही अन् घरच्या शिक्षणाचं नावही नाही, म्हणून सगळं अधांतरी चालतं. दहावीसाठी आपल्यासमोर मुख्य दोन रस्ते. एक एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, वय १४ पूर्ण पाहिजे, किमान पाच विषय, एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोनदा, विषय सुटे सुटे देता येतात, मराठी माध्यमही आहे. दुसरा राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचं, त्यात बालभारतीचीच पुस्तकं अन् इतर पोरांसोबत तीच परीक्षा, पण विषय तुकड्यातुकड्यानं देण्याची मोकळीक नाही. शाळाच घरी आणायची पद्धत धरली असेल तर १७ नंबर सरळ पडतो. मेसन, नई तालीम, अनस्कूलिंगवाल्यांना एनआयओएसच बरं, कारण तिथं श्वास घ्यायला जागा आहे. "एनआयओएसवरून नीट (डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा) देता येत नाही" असं अजूनही कोणी सांगत असेल तर ती जुनी गोष्ट झाली, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात तो वाद मिटला.

परवा फोन आला होता त्या ताईंकडे दोघंही नोकरीवर, घरी सासूबाई, त्यांना पोथी वाचायची सवय, आवाज खणखणीत, आणि नातू ८ चा. मी म्हटलं किट-बिट काही घेऊ नका, सासूबाईंना गोष्टी वाचू द्या, नातवाला परत सांगू द्या, गणित तुम्ही संध्याकाळी बालभारतीच्या पुस्तकातून घ्या. आणि आत्ता शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा, १७ नंबरच्या वेळी ओरिजनलच मागतात, झेरॉक्सवर भागत नाही.