अर्ध्या गॅरेजचं ऑफिस: काही महिने रोज बसल्यावर

अर्ध्या गॅरेजमध्ये गाडी, उरलेल्यात मी. ऊन, पाऊस, थंडी तिन्ही बघून झाल्यावर लिहितोय. बघायला येणारे रंगाचं आणि टेबलाचं कौतुक करतात. मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात ते जमिनीत आणि फटी बुजवण्यात. बजेट तुटपुंजं असेल तर आधी तिथेच खर्च करा. टेबल जुनं चालतं, दार जुनं चालतं. माझी दोन्ही जुनीच आहेत.

पाणी बाहेर वाहून जावं म्हणून गॅरेजचा कोबा शटरकडे उतरता असतो, बहुतेक ठिकाणी मीटरमागे एखादा सेंटिमीटर. उभं राहून तो कळत नाही, पण चाकांची खुर्ची ठेवली की लगेच कळतो. आपण टाइप करतोय आणि खुर्ची हळूहळू शटरकडे निघाली आहे! शिवाय कोब्यातून ओल वर येते. काम सुरू करायच्या आधी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस तसाच ठेवला. काढला तर खालून बारीक थेंब धरलेले आणि कोबा तेवढ्यापुरता काळपट. अशा जमिनीवर थेट कार्पेट टाकलं की कुबट वास ठरलेला. म्हणून आधी जाड प्लास्टिक, जोड एकमेकांवर चढवून आणि कडा भिंतीवर थोड्या वर घेऊन. त्यावर लाकडी पट्ट्या, पाचरी मारून लेव्हल केलेल्या, मध्ये कडक फोम आणि वर प्लाय. सुताराचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. आता थंडीतही अनवाणी बसता येतं आणि खुर्ची जागची हलत नाही.

पार्टिशन म्हणजे सांगाड्यात रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकरीसारखी भर) आणि दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड. भिंतीपेक्षा महत्त्वाच्या तिच्या कडा. छताला, जमिनीला, वायर जिथून येते तिथे, सगळीकडे सीलंट भरून घेतलं. आवाजासाठी तर हवंच, पण खरं कारण पलीकडची गाडी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. खोलीत त्याचा अलार्म लावलाय, आणि शटर उघडं असलं तरी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून थांबायचं नाही, हा घरात कायदा आहे. ऑफिसचं दारही घराच्या बाजूने उघडतं, गाडीकडे नाही.

फटी बुजवल्या की हवा कोंडते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग, असतो. दार लावून बसलो की माझ्या मीटरवर जेवायच्या वेळेपर्यंत आकडा हजाराच्या बराच वर जायचा आणि डोकं जड व्हायचं. बरेच जण इथे एक्झॉस्ट पंखा सुचवतात. गॅरेजला लागून खोली असेल तर मी तो लावणार नाही. पंखा आतली हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत खेचली जाते, आणि राहिलेली एखादी फट गाडीच्या बाजूची असली तर पेट्रोलचा वास थेट टेबलावर. मी छोटा पंखा उलटा बसवला: बाहेरच्या भिंतीतून, फिल्टर लावून, ताजी हवा आत ढकलणारा. खोलीत दाब किंचित जास्त राहतो आणि हवा जाते ती खोलीतून बाहेरच.

वायरिंगमध्ये काटकसर केली नाही. स्वतंत्र सर्किट, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), नीट अर्थिंग. थंडीत हीटर लावायचा तर घरातून ओढलेलं एक्स्टेंशन कामाचं नाही. वायफायला घराच्या भिंती आडव्या येतात, म्हणून विजेच्या वायरसाठी केलेल्या खोदाईतच इंटरनेटची कॅट-6 केबल टाकून घेतली. तिला शंभर मीटरपर्यंत अडचण नाही. तेव्हापासून व्हिडिओ कॉल अडकलेला नाही.

छत पत्र्याचं असेल तर उन्हाळ्याचा विचार आधी करा. माझं स्लॅबचं आहे, दुपारी तापतं पण निभतं. बांधकामाची परवानगी आणि घराचा विमा, दोन्हीकडे आधी विचारून घ्या.

एक दुखणं मात्र राहिलंच. बोलण्याचा आवाज पार्टिशनपलीकडे जात नाही, पण शटर वर जाताना त्याचा खडखडाट भिंतीतूनच येतो. शटर त्याच भिंतीत पक्कं बसवलेलं आहे, त्यापुढे रॉकवूल काय करणार? महत्त्वाची मीटिंग असली की घरच्यांना वेळ सांगून ठेवतो, गाडी तेवढा वेळ बाहेर.