क्लिप प्लसवर रॉकबॉक्स: डबलबारी आणि दशावतार ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने एक परीक्षण

सॅनडिस्क कंपनीचा सान्सा क्लिप प्लस हा आगपेटीएवढा संगीत-प्लेअर 2009 मध्ये बाजारात आला आणि त्याचे उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षे झाली आहेत. तरीही त्याच्याविषयी आज लिहावेसे वाटते, कारण रॉकबॉक्स हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यावर बसवले की हा जुना प्लेअर आपल्या कोकणातल्या श्रोत्याच्या गरजांना आजच्या कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा अधिक जवळचा ठरतो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. हे परीक्षण प्लेअरचे कमी आणि त्या सॉफ्टवेअरचे अधिक आहे.

रॉकबॉक्सची सुरुवात 2001 च्या अखेरीस झाली. आर्कोस कंपनीच्या ज्यूकबॉक्स या प्लेअरमधील मूळ सॉफ्टवेअरवर नाराज असलेल्या काही स्वीडिश प्रोग्रामरांनी, ज्यांत पुढे इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या ‘कर्ल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनामुळे ख्यातनाम झालेले डॅनियल स्टेनबर्गही होते, त्या प्लेअरसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. पुढे आयरिव्हर, कोवॉन, तोशिबा, सॅनडिस्क आणि अ‍ॅपल यांच्या अनेक प्लेअरवर ते नेण्यात आले. हे सर्व काम स्वयंसेवकांचे आहे आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना मोफत उपलब्ध आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रणांचा खरा संग्रह आहे, त्यांचा संग्रह कंपनीने छापलेल्या सीडींचा नसतो. देवळातल्या सप्ताहाला कुणी तरी मोबाइलवर टिपलेले भजन, जत्रेतल्या दशावतारी नाटकाचे रात्रभराचे ध्वनिमुद्रण, जुन्या कॅसेटवरून संगणकात उतरवून घेतलेली डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांमधला सामना, नमन-खेळ्यांतल्या गणगवळणी, असा तो ऐवज असतो. अशा फायलींना गायक, अल्बम, वर्ष यांची टॅग नावाची माहिती क्वचितच जोडलेली असते. क्लिप प्लसच्या मूळ सॉफ्टवेअरची सारी मांडणी मात्र कलाकार आणि अल्बम या कप्प्यांवर उभी आहे. फोल्डर उघडून पाहण्याची सोय त्यात आहे, पण ती आतल्या कोपऱ्यात ठेवलेली आहे, आणि टॅग नसलेल्या शेकडो फायली ‘अज्ञात’ या एकाच कप्प्यात जाऊन पडतात. बुवा कोण, गाव कोणते, सामना कुणाकुणात झाला, हे सारे आपण फोल्डरच्या नावात लिहिलेले असूनही प्लेअरच्या लेखी त्याला किंमत नसते.

रॉकबॉक्स सुरू केल्यावर ‘फाइल्स’ हा पर्याय मुख्य यादीतच दिसतो आणि संगणकावर आपण जशी मांडणी केली असेल तशीच ती प्लेअरवर उघडते. तालुका, त्यात गाव, त्यात वर्ष, त्यात सामना, अशी माझी रचना आहे आणि ती जशीच्या तशी चालते. ज्याला टॅगनुसार पाहायचे असेल त्याच्यासाठी ‘डेटाबेस’ हा वेगळा पर्याय आहेच, पण तो घेण्याची सक्ती नाही. एका फोल्डरमध्ये फारच फायली असतील तर यादी अपुरी राहून सूचना येते. सेटिंगमधल्या ‘सिस्टिम’खालच्या ‘मर्यादा’ या यादीत जाऊन हा आकडा वाढवता येतो. श्रोत्याने लावलेला क्रम उपकरणाने मान्य करावा, ही साधी अपेक्षा हे सॉफ्टवेअर पूर्ण करते, आणि माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

दुसरा गुण बुकमार्कचा. दशावतारी नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते, त्यामुळे त्याची फाइल कित्येक तासांची असते आणि ती एका बैठकीत ऐकणे कुणालाच शक्य नसते. रॉकबॉक्समध्ये ऐकणे थांबवताच त्या जागेची नोंद आपोआप ठेवण्याची सोय आहे. ती चालू केली की संकासुराचा प्रवेश अर्धवट सोडून दुसरे भजन ऐकले, मध्ये दोन दिवस प्लेअर बंद राहिला, तरी त्या फाइलवर परत आल्यावर त्याच संवादापासून पुढे ऐकता येते. प्रत्येक फोल्डरची नोंद वेगळी राहते, त्यामुळे एकाच वेळी तीन-चार नाटके अर्धवट ऐकत असलेल्या माणसाचाही गोंधळ होत नाही. या संदर्भात एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे. प्लेअरचे मेमरी कार्ड फायली साठवण्याच्या फॅट-32 या पद्धतीचे असावे लागते आणि त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. सीडीच्या दर्जाचे वेव्ह स्वरूपातले ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण 10 एमबी जागा घेते, म्हणजे साधारण पावणेसात तासांच्या पुढे ते एका फाइलीत मावणार नाही. तीच फाइल फ्लॅक स्वरूपात बदलली तर आवाजाचा एक कणही न गमावता ती बरीच लहान होते. फ्लॅक उलगडायला प्रोसेसरला फार काम पडत नाही, त्यामुळे बॅटरीवरही त्याचा भार येत नाही.

तिसऱ्या गुणाकडे माझे लक्ष आमच्या वाडीतल्या भजनी बुवांमुळे गेले. जुन्या बुवांच्या चाली उचलायच्या असतात, पण त्यांची पट्टी उंच असते आणि शिकणाऱ्याचा गळा तिथपर्यंत पोहोचत नाही. रॉकबॉक्समध्ये गती तीच ठेवून पट्टी बदलता येते आणि पट्टी तीच ठेवून गती कमी करता येते. काळी पाचमधली गवळण काळी चारमध्ये आणायची असेल तर बदल अर्धस्वरांत मोजण्याचा पर्याय निवडून दोन अर्धस्वर खाली यायचे, की ती पेटीशी जुळते. आमच्या बुवांनी प्लेअर पेटीवर ठेवला, एका कानात इयरफोन घातला आणि एक अवघड तान निम्म्याच्या जवळपास गतीने पुन्हा पुन्हा लावून तिच्यातल्या जागा बोटांनी पेटीवर शोधून काढल्या. अशी सोय मोबाइलच्या काही अ‍ॅपमध्येही मिळते, पण तिथे मध्येच जाहिरात वाजते किंवा फोन येतो. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की गती फार कमी केली तर गळ्याचा आवाज बऱ्यापैकी टिकतो, पण मृदंगाचे बोल फिसकटतात. ठेका शिकण्यासाठी हे साधन फारसे उपयोगाचे नाही.

एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना खंड न पडणे हे रॉकबॉक्सचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. विलंबित ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत दुसऱ्यात अशी विभागणी असलेल्या मैफलीत तानपुऱ्याचा झंकार तुटणे किती खटकते, हे ऐकणाऱ्यालाच कळते. इथे तो तुटत नाही. इक्वलायझरही नुसत्या ‘रॉक’, ‘पॉप’ अशा तयार नावांचा नसून कोणती कंपनसंख्या किती रुंदीत वाढवायची किंवा कमी करायची हे ठरवू देणारा आहे. लाउडस्पीकरवरून टिपलेल्या भजनांतला टाळांचा कर्कशपणा त्याने पुष्कळ कमी करता येतो आणि त्यामागे दबलेले शब्द ऐकू येऊ लागतात.

दृष्टी अधू असलेल्यांसाठी यातील बोलणाऱ्या यादीची सोय मला फार मोलाची वाटते. बटण दाबत पुढे गेले की प्रत्येक पर्याय आवाजात ऐकू येतो. यादीतील पर्याय आपल्याकडे इंग्रजीतच ऐकावे लागतात, परंतु फोल्डर आणि फायलींच्या नावांच्या ध्वनिफिती संगणकावर स्वतंत्रपणे बनवता येतात, आणि त्यासाठी वापरता येणाऱ्या ई-स्पीक या मुक्त वाचक-यंत्रणेला मराठी येते. तो आवाज यांत्रिक आहे, पण ‘हरिपाठ’ आणि ‘काकड आरती’ यांतला फरक कळायला पुरेसा आहे. डोळ्यांवर विसंबता न येणाऱ्या माझ्या मामी आता त्यांचा हरिपाठ कुणालाही हाक न मारता स्वतः लावतात.

देवनागरीच्या बाबतीत मात्र रॉकबॉक्सची बाजू लंगडी आहे आणि मराठी वाचकांपासून ते लपवणे योग्य होणार नाही. योग्य फॉन्ट निवडल्यास देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटतात, पण त्यांची जुळणी होत नाही. ‘सिंधुदुर्ग’ लिहिलेल्या फोल्डरमध्ये पहिली वेलांटी भलत्याच जागी दिसते आणि रफार ग वर न चढता पाय मोडलेला र वेगळा उभा राहतो. ‘मालवण’ किंवा ‘कुडाळ’ सहज वाचता येते, ‘वेंगुर्ले’ अडखळत वाचावे लागते. सवयीने अर्थ लागतो, पण वयस्कर माणसाच्या हाती प्लेअर द्यायचा असेल तर नावे रोमन लिपीत लिहावीत किंवा वर सांगितलेल्या ध्वनिफितींचा आधार घ्यावा. प्रोग्रामिंग जाणणाऱ्या एखाद्या मराठी तरुणाने हे काम हाती घेतले तर ते केवळ मराठीवरच नव्हे, तर देवनागरी वापरणाऱ्या सर्व भाषांवर उपकार होतील. स्रोत खुला असल्यामुळे त्याला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.

बसवण्याची प्रक्रिया अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबीची पद्धत ‘एमएससी’ अशी निवडावी, म्हणजे तो संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यानंतर रॉकबॉक्स युटिलिटी हा प्रोग्राम चालवायचा. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी तो उपलब्ध आहे आणि प्लेअर तो स्वतः ओळखतो. क्लिप प्लसच्या बाबतीत मूळ सॉफ्टवेअरची फाइल आपण मिळवून द्यावी लागते. युटिलिटी तिच्यात स्वतःचा छोटा भाग जोडते, ती प्लेअरवर टाकते आणि केबल काढताच प्लेअर स्वतःला अद्ययावत करून घेतो. मूळ सॉफ्टवेअर नष्ट होत नाही. सुरू करताना डावे बटण दाबून धरले की तेच उघडते, त्यामुळे नव्याशी न जमल्यास जुन्याकडे परतण्याची वाट खुली राहते.

पहिल्या भेटीत रॉकबॉक्स परके वाटते, हेही खरे आहे. सेटिंगच्या यादीत यादी आणि तिच्यात पुन्हा यादी असते, आणि त्यातले निम्मे पर्याय सामान्य श्रोत्याला कधीच लागणार नाहीत. क्लिप प्लसचा पडदा अगदी लहान, वरची पट्टी पिवळी आणि खालचा भाग निळा असा आहे, त्यावर इतका मजकूर बसवताना दाटी होते. माझा सल्ला असा की प्रथम फक्त बुकमार्क, फॉन्ट आणि आवाजाची सेटिंगे लावावीत आणि बाकीच्यांना हात लावू नये.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. पावसाळ्यातला ओलावा आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांनी इयरफोनच्या छिद्रात खरखर सुरू होते आणि चार्जिंगची जागा गंजते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्यास हे बरेच टळते. ब्लूटूथ नाही, त्यामुळे तारेचे इयरफोन हवेत. घाटातल्या वळणांवर किंवा कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात मोबाइलवरचे गाणे थांबते, तेव्हा कार्डावरचा संग्रह मात्र अखंड चालू राहतो, आणि वीज गेलेल्या दिवशी फोनची बॅटरी त्याच्यासाठी खर्चावी लागत नाही.

विकत घेणाऱ्यांनी नावाकडे नीट लक्ष द्यावे. क्लिप प्लस आणि त्यानंतरचा रंगीत पडद्याचा क्लिप झिप या दोहोंवर रॉकबॉक्स चालते. क्लिप जॅम आणि क्लिप स्पोर्ट यांवर ते चालत नाही, आणि जुन्या वस्तूंच्या व्यवहारात ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जातात. ज्यांना मोठा पडदा हवा त्यांनी जुन्या आयपॉड व्हिडिओचा किंवा आयपॉड क्लासिकचा विचार करावा. 32 जीबीपेक्षा मोठे कार्ड वापरायचे असेल तर ते आधी फॅट-32 मध्ये फॉरमॅट करावे लागते. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी एवढ्या कार्डाला तो पर्याय देत नाही, म्हणून त्यासाठी वेगळे मोफत साधन वापरावे. आणि जुना प्लेअर घेताना पैसे देण्यापूर्वी तो सुरू करून पाहावा, कार्ड घालून ते ओळखले जाते का ते तपासावे आणि इयरफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो याची खात्री करून घ्यावी.