काचेचा लॅक्टोमीटर: बारीक दांडीचा घ्या, सोबत थर्मामीटरही घ्या

डेअरी-साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन घरगुती वापराचे लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगत ठेवून त्यातले पाणी ओळखायची काचेची उपकरणे, दोन तऱ्हेचे मिळतात. एकाच्या दांडीवर वर 'डब्ल्यू' (पाणी), खाली 'एम' (दूध) आणि मधे 3, 2, 1 अशा खुणा असतात. दुसऱ्यावर 0 ते 40 डिग्री असतात; ही डिग्री तापमानाची नव्हे, घनतेची: पाणी 0, आणि 30 डिग्री म्हणजे पाण्याच्या 1.030 पट घनता. पहिला घेऊ नका. गाईचे दूध साधारण 28 ते 30 डिग्री लागते आणि म्हशीचे 30 ते 32, पण त्यावर दोघांसाठी 'एम'ची खूण एकच. दहा टक्के पाणी घातलेले म्हशीचे दूध त्यावर चक्क गाईचे निर्भेळ दूध म्हणून खपते.

डिग्रीवाला घेताना काच किती चकचकीत आहे ते पाहू नका, दांडीची जाडी पाहा. लॅक्टोमीटर तरंगतो तेव्हा त्याच्या वजनाइतकेच दूध बाजूला सारतो. 40 ग्रॅमचे उपकरण पाण्यात 40 मिली बुडते आणि 30 डिग्रीच्या दुधात 38.8 मिली. म्हणजे सगळे मोजमाप या 1.2 मिलीच्या फरकावर चालते. दांडी 5 मिमी जाडीची असेल, तर हा फरक सुमारे 6 सेंमी लांबीत पसरतो आणि एक डिग्री 2 मिमीची होते. 8 मिमीच्या दांडीवर तीच डिग्री जेमतेम 0.8 मिमी भरते. ती डोळ्यांनी नीट वाचणे शक्यच नाही.

नवा आणला की आधी तपासा. 960 ग्रॅम शुद्ध पाण्यात 40 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्यात 28 ते 29 डिग्री दिसायला हवी, साध्या पाण्यात 0. एक डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला तर परत करा. उपकरण कोणत्या तापमानाला बरोबर वाचते, ते दांडीतल्या कागदी पट्टीवर छापले आहे का, तेही पाहा. ते नसेल, तर ते उपकरण घेण्यात अर्थ नाही. (काही पट्ट्यांवर डिग्रीऐवजी थेट घनता असते. तिथे 27 अंशाच्या पाण्यात 1.000 नव्हे, 0.9965 दिसते. तो दोष नाही.)

आता वापर. दूध काढल्यावर किमान तासभर थांबा, कारण धारोष्ण दुधात हवा असते आणि डिग्री कमी लागते. फ्रिजमधले दूध आधी छापील तापमानाजवळ आणा. ढवळून साय एकजीव करा आणि जारच्या कडेने, फेस न होऊ देता, काठोकाठ भरा. लॅक्टोमीटर हलकेच सोडून किंचित फिरवा. तो जारच्या भिंतीला टेकता कामा नये. दूध अपारदर्शक असल्याने दांडीला चढलेल्या दुधाची वरची कड वाचतात आणि त्यात अर्धी डिग्री मिळवतात. शिवाय तापमान छापील आकड्याहून दर अंश जास्त असेल तर 0.2 मिळवा, कमी असेल तर 0.2 वजा करा. 27 अंशाचे उपकरण 32 अंशाच्या दुधात थेट वाचले, तर पूर्ण एक डिग्री चुकते. बिचाऱ्या गवळ्यावर नाहक आळ येतो!

पाण्याचा हिशोब सोपा आहे. 30 डिग्रीच्या 900 मिली दुधाचे वजन 927 ग्रॅम. त्यात 100 मिली पाणी घातले की एक लिटर 1027 ग्रॅम भरते, म्हणजे 27 डिग्री.

पण खरी मर्यादा फॅटची आहे आणि विक्रेते ती सांगत नाहीत. फॅटची घनता सुमारे 0.93, पाण्याहूनही कमी. त्यामुळे फॅट काढले की उरलेले दूध जड होते. 6 टक्के फॅटचे, 31 डिग्रीचे एक लिटर म्हशीचे दूध घ्या. त्यातले निम्मे फॅट, म्हणजे 31 ग्रॅम, काढले की उरते सुमारे 967 मिली, डिग्री 34.5. त्यात 107 मिली पाणी ओता, डिग्री पुन्हा 31! फॅट गेले, पाणी आले आणि लॅक्टोमीटर ठणठणीत दूध दाखवतो. साखर, मीठ, युरिया घालूनही उतरलेली डिग्री वर आणता येते. म्हणूनच संकलन केंद्रावर डिग्रीबरोबर फॅटही काढतात आणि दोन्हींवरून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, ठरवतात. घरी रोजचा रतीब एकाच गोठ्यातून येत असेल, तर मात्र हे उपकरण फार कामाचे. रोजच्या आकड्यात अचानक दोन डिग्रींची घसरण दिसली, की विचारायला हरकत नाही.

धुताना आधी गार पाणी. एकदम कढत पाण्यात घातला तर काच तडकते. केसाएवढ्या चिरेतून आत ओल गेली, की वजन वाढते, तो जास्त बुडतो आणि चांगले दूध पाणीदार दाखवतो. दांडीवर दुधाचा थर वाळला तरी हेच होते. दांडीखालच्या काचेच्या फुग्याचा टवका उडाला तर उलट: तो वर तरंगतो आणि पाणी घातलेले दूध पास करतो. महिन्यातून एकदा मिठाच्या पाण्याची चाचणी पुन्हा करा.