फेनवे पार्कची लाल खुर्ची (बॉस्टन): बघायलाच हवी, बसायला नको

बॉस्टनला कुणी पाहुणे आले की हार्वर्ड आणि हार्बर झाल्यावर रेड सॉक्स या बेसबॉल टीमचं मैदान फेनवे पार्क येतंच यादीत, आणि तिथे सगळे त्या ग्रीन मॉन्स्टर नावाच्या उंच हिरव्या भिंतीचे फोटो काढत बसतात. माझं म्हणणं उलटं आहे, भिंतीकडे पाठ करा आणि राइट फील्डच्या (मैदानाच्या उजव्या बाजूच्या) मागच्या ब्लीचर्समध्ये, म्हणजे उघड्यावरच्या सीटांमध्ये, वर बघा. सगळ्या हिरव्या खुर्च्यांच्यात एकच लाल दिसेल. सेक्शन ४२, रो ३७, सीट २१.

९ जून १९४६ ला रेड सॉक्सचा बॅटर टेड विल्यम्सने डेट्रॉइट टायगर्सचा पिचर (म्हणजे बोलर) फ्रेड हचिन्सनला मारलेला होमरन (बेसबॉलमधली सिक्सच म्हणा) तिथे पडला, पडला म्हणजे काय, तिथे बसलेल्या जोसेफ बाउचर नावाच्या माणसाच्या डोक्यावर आदळला आणि त्याच्या गवती हॅटला भोक पाडून गेला! तो बिचारा ऑल्बनीहून कामासाठी बॉस्टनला आलेला इंजिनियर, एवढ्या लांब बसूनही सुटका नाही म्हणजे या मैदानात सेफ राहायला बसायचं तरी कुठे असं नंतर पेपरवाल्यांना म्हणाला होता. अंतर ५०२ फूट, म्हणजे साधारण १५३ मीटर. आयपीएलमध्ये १०० मीटरची सिक्स गेली की कॉमेंटेटर घसा बसेपर्यंत ओरडतात, त्यावरून अंदाज घ्या.

तेव्हा तिथे नुसते बाक होते, लाल खुर्ची १९८४ मधली. आणि मला आवडतं ते हे की यात टेडचा चेहरा नाही की बॅट नाही. बाहेर व्हॅन नेस स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे, एका लहान पोराच्या डोक्यावर आपली कॅप ठेवतानाचा. कॅन्सर झालेल्या मुलांसाठीच्या जिमी फंडचं त्याने आयुष्यभर काम केलं त्याची ती आठवण, छानच आहे, पण पुतळे काय सगळीकडे असतात. खुर्चीचं तसं नाही, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, बाजूला उभं राहून तिच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो, इथून तिथे? लाकडी बॅटने?? वानखेडेवर धोनीची २०११ ची वर्ल्डकप जिंकून देणारी सिक्स जिथे पडली तिथल्या सीटा अशाच आठवण म्हणून ठेवल्यात, पण ती सिक्स आपण सगळ्यांनी टीव्हीवर शंभर वेळा बघितलीय. या होमरनच्या बाबतीत फक्त ही खुर्चीच आहे, बाकी सगळं तुम्ही मनातच बघायचं.

शंका घेणारे आहेत. खुद्द रेड सॉक्सचा डेव्हिड ऑर्टिझ, जो स्वतः ५४१ होमरन मारून बसलाय, त्यालाही हे अंतर पटत नव्हतं. उलट बाजूने असंही म्हणता येतं की त्या दिवशी वारा जोरात होता, आणि ५०२ फूट हे हॅटपर्यंतचं अंतर झालं, मध्ये बाउचरचं डोकं आणि एवढा चढ नसता तर बॉल अजून पुढे गेला असता. मी टेडच्या बाजूने आहे. ज्या माणसाने १९४१ च्या सीझनच्या शेवटच्या दिवशी ॲव्हरेज (बॅटिंगच्या दर संधीमागे किती हिट, ते) .३९९५५ असताना, म्हणजे न खेळता घरी बसला असता तरी .४०० धरलं गेलं असतं, तरी त्या दिवशीच्या दोन्ही मॅच खेळून ८ पैकी ६ हिट मारले आणि .४०६ वर सीझन संपवला, त्याच्याबद्दल मी घासाघीस करत नाही. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या (अमेरिकेतल्या दोन मुख्य बेसबॉल लीग) सीझनमध्ये .४०० कुणालाच जमलेलं नाही. शिवाय दोन युद्धांत पायलट म्हणून जवळजवळ पाच सीझन गेले ते वेगळंच, तरी ५२१ होमरन.

आता कामाचं बोलू. त्या खुर्चीचं तिकीट मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका, कारण तिथून बॅटर नखाएवढा दिसतो, दुपारची मॅच असेल तर ऊन सरळ डोळ्यात (बाउचरचीही तीच तक्रार होती म्हणे), आणि इनिंग संपली की फोन घेऊन लोक येणार, काका जरा उठता का, फोटो काढायचाय. तिकीट इन्फिल्डच्या (होम प्लेटजवळच्या भागाच्या) बाजूचं घ्या, तिथून खुर्ची दिसतेच, आणि अंतराचा खरा अंदाजही तिथूनच येतो. फोटो हवा असेल तर गेट उघडल्या उघडल्या आत शिरा आणि आधी वर चढून या, तेव्हा ब्लीचर्स रिकामे असतात. मॅच नको असेल तर मैदानाची टूर असते, पण टूरवाले त्या दिवशी कुठून फिरवतील ते आधी विचारून घ्या. मेट्रोच्या ग्रीन लाइनने केनमोर स्टेशनला उतरून चालत जा, गाडी अजिबात नेऊ नका, पार्किंगचे रेट ऐकून मॅचचा मूड जाईल. एप्रिलमध्ये जाकीट पाहिजेच.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो उन्हाचा.