मे-जूनमध्ये स्की करायचंय? मॅमथ, ए-बेसिन की टिंबरलाइन

एप्रिलचा तिसरा आठवडा आला की बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची) मराठी मंडळी स्की गराजमध्ये टांगतात आणि हापूसच्या पेट्या यंदा कोण मागवतंय या चौकशीला लागतात. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाचं जलखातं सिएरा नेवाडा पर्वतातल्या बर्फाची सगळ्यात महत्त्वाची मोजणी 1 एप्रिलच्या सुमारास करतं, कारण साधारण तेव्हाच साठा सर्वाधिक असतो. म्हणजे लोक थांबतात ते बर्फ संपला म्हणून नव्हे. मुलांच्या सॉकर मॅचेस सुरू होतात, बाहेर छान ऊन पडतं आणि स्कीवरून मन उडतं. गिऱ्हाईक आटलं की बहुतेक रिसॉर्टही लिफ्टा थांबवतात. डोंगर पांढराच असतो.

ज्यांचं मन उडालेलं नाही, त्यांच्यापुढे मे-जूनमध्ये अमेरिकेच्या पश्चिमेत मुख्यतः तीन नावं उरतात: कॅलिफोर्नियातलं मॅमथ, कोलोरॅडोतलं अरापाहो बेसिन (सगळे ए-बेसिन म्हणतात) आणि ऑरेगनमध्ये माउंट हूडवरचं टिंबरलाइन. निळे रन (मध्यम अवघड उतार) आरामात जमतात, एखादा लाँग वीकेंड हाताशी आहे आणि तो कुठे खर्चावा हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझा कल आधीच सांगून टाकतो: मेमध्ये मॅमथ. पण तुमच्या घरून निघायला किती वाजतात, यावरही बरंच काही आहे.

आधी रात्रीचं तापमान बघा

हिवाळ्यात आपण विचारतो, बर्फ किती पडला? वसंतात तो प्रश्न जवळजवळ निरर्थक असतो. खाली दहा फूट बर्फ असला तरी तुम्ही स्की करणार वरच्या दोन-तीन इंचांवर, आणि ते दोन-तीन इंच कसे असतील हे काल रात्री ठरलेलं असतं. दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो. हे चक्र पुष्कळ दिवस चाललं की बारीक स्फटिक जाऊन जाडसर, गोल दाणे तयार होतात. यालाच कॉर्न म्हणतात. सकाळी हा सगळा थर काँक्रीटसारखा घट्ट असतो, स्कीच्या कडा खरवडत जातात, दात वाजतात. मग ऊन चढतं, वरचा पातळ थर सुटतो आणि तासभर, फार तर दोन तास, असं काही मिळतं की त्यापुढे पावडरचं (ताज्या, भुसभुशीत बर्फाचं) कौतुक जरा जास्तच होतं असं मला वाटायला लागतं. वळण आपोआप होतं, आणि उतार खडा असला तरी भीती वाटत नाही. त्यानंतर तोच बर्फ लगदा होतो, स्की अडकते आणि गुडघ्याला पीळ बसतो. गुडघा दुखावायची वेळ हीच.

सूर्य आधी पूर्वेकडचे उतार सोडवतो, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. त्याच्या मागे मागे डोंगरावर फिरायचं, एवढंच वसंतातल्या दिवसाचं वेळापत्रक. रात्र निरभ्र असेल तर हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर राहिलं तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो, कारण उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते. रात्रभर ढग असतील तर पारा तेवढाच असूनही गोठत नाही आणि सकाळी आठलाच लगदा मिळतो. म्हणून हवामानाच्या अंदाजात दुपारचं ऊन बघू नका, रात्रीचे ढग बघा.

मॅमथ: बर्फ भरपूर, रस्ता लांब

मॅमथचा माथा 11,053 फुटांवर आणि मेन लॉज साधारण 9,000 फुटांवर आहे. पॅसिफिकवरून येणारी वादळं इथे जड, ओला बर्फ टाकतात. स्थानिक लोक त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणून नावं ठेवतात, पण मेमध्ये तोच जडपणा उपयोगी पडतो, कारण हा दाट बर्फ सावकाश वितळतो. बेताच्या वर्षीही मेच्या शेवटच्या सोमवारपर्यंत, म्हणजे मेमोरियल डेपर्यंत, लिफ्टा चालवायचा त्यांचा प्रयत्न असतो. चांगल्या वर्षी मग काही धरबंध नसतो. 2022-23 च्या हंगामात मेन लॉजला 715 इंच, म्हणजे जवळपास साठ फूट बर्फ पडला आणि डोंगर 6 ऑगस्टपर्यंत चालू राहिला. 2017 मध्येही शेवटचा दिवस 6 ऑगस्टच होता. कोरड्या हिवाळ्यानंतर मात्र हे सगळं कितीतरी आठवडे अलीकडे सरकतं, तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबून हॉटेल ठरवू नका.

वसंतात कॅन्यन लॉज आणि ईगल लॉजकडची बाजू आधी बंद होते, सगळा कारभार मेन लॉजवर येतो. तरीही इथे निवडीला जागा उरते, आणि माझ्या मते मॅमथचं पारडं जड होतं ते यामुळेच. सकाळी खालच्या ब्रॉडवे रनवर पाय मोकळे करायचे, ऊन चढेल तसं वर सरकायचं. गोंडोलाने माथ्यावर गेल्यावर कॉर्निस बोल (बोल म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार) आणि क्लायमॅक्ससारखे खडे उतार आहेत, ते खालच्यापेक्षा उशिरा सुटतात. म्हणजे कॉर्नचा तो तासभर इथे उंचीप्रमाणे पुढे ढकलत नेता येतो. वाऱ्याचं मात्र सांगता येत नाही. वारा सुटला की वरच्या लिफ्टा बंद, आणि मग तुम्ही खालच्या लगद्यात.

खरी अडचण रस्त्याची. नकाशावर योसेमिटीतून जाणारा टायोगा पास सरळ दिसतो, पण तो हिवाळाभर बंद असतो आणि बहुधा मेअखेरीच्या आधी उघडत नाही. 2023 मध्ये तर तो जुलैच्या 22 तारखेला उघडला. सोनोरा पासचंही तसंच. म्हणजे ज्या वर्षी मॅमथवर बर्फ सर्वात चांगला, त्याच वर्षी तिथे पोचायला टाहो सरोवराकडून वळसा जास्त काळ घालावा लागतो. सहा-सात तास धरून चाला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघालात तर मध्यरात्र उलटते, आणि सकाळी लिफ्ट लवकर सुरू होते. गुरुवारी रात्री निघणं उत्तम. परतीला 395 हायवेवर मोनो लेकच्या कडेने येताना मात्र वळसा घातल्याचं वाईट वाटत नाही.

लॉस एंजेलिसकरांना हा प्रश्नच नाही. त्यांना 395 सरळ आहे, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ए-बेसिन: उंची हीच ताकद, उंची हाच त्रास

अरापाहो बेसिन 1946 मध्ये सुरू झालं. पायथा 10,780 फूट, माथा 13,050 फूट. आपल्या कळसूबाईची उंची 5,400 फूट; इथल्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही तिच्या जवळपास दुप्पट उंचीवर असता. डोंगराचा पुढचा बराचसा भाग उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीला मॅमथवर कॉर्न चालू असतो, तेव्हा इथे चक्क हिवाळा असू शकतो. कोलोरॅडोत एप्रिल-मेमध्ये मोठे हिमवर्षाव होतात, आणि मेमध्ये गुडघाभर ताज्या बर्फाची आशा धरायची असेल तर या तिघांतली हीच जागा. नेहमीच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हंगाम ओढतात, 2019 मध्ये तर 4 जुलैपर्यंत चालला होता.

पण इथल्या बर्फाला एक शाप आहे: धूळ. पश्चिमेकडच्या वाळवंटी पठारावरून वसंतात वारे येतात आणि पांढऱ्या उतारांवर तांबूस थर टाकून जातात. गडद बर्फ ऊन जास्त शोषतो आणि भराभर वितळतो. शिवाय अशा मळक्या पट्ट्यावर स्की अचानक धरल्यासारखी होते आणि अंग पुढे जातं. दक्षिणेकडचा मॉन्टेझुमा बोल त्यामुळे पुढच्या भागाआधीच हातचा जातो. मेअखेरीला दुपारी विजा कडाडायला लागल्या की लिफ्टा थांबतात ते वेगळंच.

स्कीच्या दृष्टीने हा डोंगर सभ्य नाही. पॅलाव्हिचिनी लिफ्टखालचे उतार खडे आणि लांब आहेत, नवशिक्यांची जागा थोडी. लेनावीची बाजू त्यामानाने सौम्य, निळ्या रनवाल्यांनी तिकडेच राहावं. ज्यांना खडा उतार आवडतो त्यांनी मात्र मॅमथचा हट्ट सोडून इथेच यावं, असं मी म्हणेन. डेन्व्हरला सगळीकडून थेट विमानं आहेत, तिथून डोंगर दीड तासावर. म्हणजे सॅन होजेहून विमानाने ए-बेसिनला जाणं आणि गाडीने मॅमथला जाणं, यात वेळेचा फारसा फरक पडत नाही. पैशांचा पडतो.

आणि ‘बीच’! लिफ्टजवळच्या पार्किंगच्या पहिल्या ओळीला हे नाव आहे. लोक शेगड्या, आरामखुर्च्या, कुत्री घेऊन येतात आणि दोन रन मारून दिवसभर तिथेच बसतात. मराठी गट आला की शेगडीवर कणसं आणि डब्यातून थालीपीठं निघणार हे ठरलेलं. गर्दीचा उत्साह आवडणाऱ्यांसाठी तिघांत हीच जागा. मला स्वतःला मेमधली मॅमथची रिकामी लिफ्ट जास्त आवडते.

उंचीमुळे पहिल्या दिवशी डोकं दुखेल, झोप नीट लागणार नाही. शक्य असेल तर पहिली रात्र डेन्व्हरला काढा.

टिंबरलाइन: जून उलटल्यावर

माउंट हूडच्या दक्षिण उतारावर 6,000 फुटांवर टिंबरलाइन लॉज आहे. महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी सरकारने हे बांधलं आणि 1937 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वर पामर लिफ्ट 8,540 फुटांपर्यंत जाते. म्हणजे तिचं वरचं टोकसुद्धा मॅमथच्या मेन लॉजपेक्षा खाली. मग जुलैत बर्फ टिकतो कसा? एकतर पामर हे कायमचं हिमक्षेत्र आहे. दुसरं, तिथे मीठ टाकतात. मिठाने थोडा बर्फ वितळतो, वितळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि उरलेला पृष्ठभाग टणक होतो. पूर्वी लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून हाताने फिरवायचं आईस्क्रीमचं भांडं असायचं, त्यातलंच हे शास्त्र. रात्री गोठलं नाही तरी सकाळचे काही तास घट्ट बर्फ मिळतो तो यामुळे, आणि म्हणूनच शर्यतीची तयारी करणारे संघ उन्हाळ्यात इथे येतात.

तुलनेत स्पष्ट सांगायचं तर स्कीइंग म्हणून टिंबरलाइन या दोघांच्या पासंगालाही पुरत नाही. उन्हाळ्यात पामर म्हणजे एकच रुंद, एकसारखा उतार, त्यातही पट्टे पाडून शिबिरांना दिलेले. तुमच्या वाट्याला उरलेला पट्टा. तोही नवशिक्यांसाठी नाही, मध्यम आणि पुढच्यांसाठी. दुपार झाली की बंद. मेमध्ये फक्त स्कीसाठी विमानाने इथे येणं मला पटत नाही. तुमचं किशोरवयीन मूल रेसिंग करत असेल तर गोष्ट वेगळी.

आईबाबा आलेले असतील तर

मे-जून म्हणजे भारतातून आईवडील येण्याचे दिवस, आणि त्यांना घरी ठेवून स्कीला जाणं शक्य नसतं. इथे उत्तर उलटं होतं. ए-बेसिन सरळ वगळा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या सत्तरीच्या माणसाला एका दिवसात 10,780 फुटांवर नेऊन खुर्चीत बसवणं ठीक नाही. मॅमथ गावच आठ हजार फुटांच्या आसपास आहे; तिथे एक दिवस मुक्काम करून मग गोंडोलाने माथ्यावर न्यावं, स्की न करणाऱ्यांनाही त्यात जाता येतं. पण त्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. टिंबरलाइनला हा प्रश्न जवळपास मिटतो. पोर्टलंडपासून दीड तास, उंची कळसूबाईपेक्षा जराशी जास्त, लॉजमधली दगडी चूल आणि खिडकीबाहेर बर्फ. रोहतांगला भाड्याचे कोट चढवून फोटो काढलेल्या पिढीला जुलैतला हा बर्फ फार आवडतो.

पास, वॅक्स, ऊन

मॅमथ आणि ए-बेसिन दोन्ही अल्टेरा कंपनीची आहेत आणि आयकॉन पासवर (अनेक डोंगरांवर चालणारा हंगामी पास) चालतात. टिंबरलाइन त्यात नाही, तिकीट वेगळं घ्यावं लागतं. पुढच्या हंगामाचा पास वसंतात घेतला तर काही डोंगर उरलेले दिवसही त्यातच देतात, अटी दरवर्षी बदलतात. भाड्याने स्की घेणार असाल तर आधी फोन करा, मेमध्ये बरीच दुकानं सायकली भाड्याने द्यायला लागलेली असतात. स्कीला उबदार हवेचं वॅक्स लावून घ्या. आणि हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला सनस्क्रीन विसरू नका. ऊन खालूनही येतं, बर्फ ते परत फेकतो.

सहा तास गाडी चालवणंच नको असेल, तर टाहोजवळचं पॅलिसेड्स आहे. तेही आयकॉनवर. उंची कमी, त्यामुळे रात्री न गोठण्याचा धोका जास्त, पण बरेचदा मेपर्यंत चालू असतं आणि 2023 मध्ये 4 जुलैपर्यंत होतं. पहाटे पाचला निघून दुपारी दोनला घरी परतायला निघता येतं. रात्री निरभ्र थंडी असल्याचा अंदाज शुक्रवारी दिसला तर मी मॅमथचा विचार न करता इथेच जातो. आणि प्रश्न जुलैचा असेल, त्यात वर्ष साधं गेलं असेल, तर तुलना संपली: टिंबरलाइन. फक्त पामर लिफ्ट चालू आहे का ते बघून मगच विमानाचं तिकीट काढा, आणि शक्यतो आठवड्यातला मधला वार धरा.