१०० चा प्लॅन पाचशे घरांना, की ५० चा तीनशेंना?

तालुक्याच्या गावात ब्रॉडबँड चालवणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून लिहितोय. वरून १ जीबीपीएसची लाईन घेतलीय. ती १०० एमबीपीएसच्या प्लॅनने ५०० घरांत वाटायची, की ५० च्या प्लॅनने ३०० घरांत? मी दीड वर्ष पहिलं केलं, आता दुसऱ्यावर आहे.

गल्ल्याचं म्हणाल तर पहिलंच सरस. ४०० रुपयांनी ५०० घरं म्हणजे महिना २ लाख. ५०० रुपयांनी ३०० घरं म्हणजे दीड. शिवाय बोर्डावर '१००' दिसलं की गिऱ्हाईक आपणहून येतं. '५०' समजावून सांगावं लागतं, तेही शंभर रुपये जास्त मागून.

नियमाचंही अडत नाही. घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नासपर्यंत वाटणी, म्हणजे लाईनच्या पन्नास पटीपर्यंत स्पीड विकणं, चालेल, असं दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्ये सांगितलं होतं. पाचशे घरं, प्रत्येकी १००, वर लाईन १ जीबीची: बरोबर एकास पन्नास. पण तेव्हा २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणायचे, आणि लोक मेल बघून उठायचे. आता रात्री नऊला निम्मे टीव्ही नेटवर असतात. फुल एचडीला ५ एमबीपीएस धरले तरी २५० घरांचे सव्वा जीबी झाले. तीनशे घरांत हाच हिशेब ७५० एमबीवर थांबतो. यूट्यूबचं बरंचसं कॅशमधून, म्हणजे जवळच साठवून ठेवलेल्या कॉपीतून भागतं, त्यामुळे रोज इतकी ओढाताण होत नाही, हेही खरं.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. लाईन कमी पडली म्हणून नेट बंद पडत नाही. ॲप गुपचूप चित्राचा दर्जा उतरवतं. चेहरे पुसट होतात, स्कोअर वाचता येत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "टीव्ही बिघडला का हो?" आपला पोरगा सकाळी अकराला जाऊन स्पीड टेस्ट लावतो, ९४ दाखवते, तक्रार बंद. रात्री परत तेच. खोटं कुणीच बोलत नाही, म्हणून भांडताही येत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्ड कपची फायनल. ऑनलाईन एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते म्हणे. त्यात आमच्याकडचे एक काका. शेजारच्या डिशवाल्या घरातून "गेला रे कोहली!" ऐकू आलं, तेव्हा यांच्या टीव्हीवर कोहली अजून खेळत होता. ऑनलाईन मॅच थोडी मागे असतेच, पण अडकत अडकत आमच्या लाईनवर ती चांगली मिनिटभर मागे पडली होती. काकांनी फोनसुद्धा केला नाही. सोमवारी राउटर पिशवीत घालून ऑफिसात आणून ठेवला, अडॅप्टरची वायर नीट गुंडाळून.

फक्त मॅचच्या ॲपला वाट मोकळी करून द्यावी, असंही एकाने सुचवलं. नेट न्यूट्रॅलिटीमुळे, म्हणजे सगळ्या ॲपना सारखीच वागणूक द्यायची या नियमामुळे, २०१८ पासून असा दुजाभाव परवान्यात बसत नाही.

गावात दुसरा ऑपरेटर नसेल, गिऱ्हाईक बहुतेक मोबाईलवरच बघणारं असेल, तर १०० चा प्लॅन चालेलही. तुमचा भाग तुम्हाला जास्त ठाऊक. माझा गल्ला अजून पहिल्याइतका भरत नाही. पण गिऱ्हाईकांची गळती थांबलीय, आणि रात्रीचं जेवण फोन बाजूला ठेवून होतं. काका काही परत आले नाहीत. त्यांच्या बिल्डिंगमधली दोन घरं मात्र ५० वर आलीत.