कवळीसाठी क्रीम की पावडर?
सैल वाटणाऱ्या कवळीसाठी क्रीम घ्यावे की पावडर, असा प्रश्न पडलेल्यांनी आधी दंतवैद्याकडून तिचे माप तपासून घ्यावे, कारण हिरडीला टोचणारी कवळी चिकटवून सुधारत नाही. पकडीत क्रीम सरस. कोरड्या कवळीवर, कडेपासून थोडे आत, तीन-चार लहान ठिपके पुरतात, मात्र रात्री हिरडीवरचा थर निघायला वेळ लागतो. पावडर ओल्या कवळीवर पातळ भुरभुरून जादा झटकायची. ती सहज धुतली जाते. जस्तयुक्त क्रीम दीर्घकाळ अति वापरल्यास शरीरातील तांबे घटून हातापायांना बधिरपणा येऊ शकतो, म्हणून जस्तविरहितच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. खालची कवळी हलत असेल तर क्रीम योग्य. थोडाच आधार हवा असेल किंवा साफसफाई जड जात असेल, तर पावडर सोयीची.